लाकूड कातण्याची विद्या

आपल्या मराठीत सूतही कातले जाते आणि लाकूडही. एका कामात कापसाच्या पेळूतून धागा निघतो, तर दुसऱ्यात फिरत्या लाकडावरून पटाशीच्या धारेने तलम साल सुटत जाते. परंतु दोन्ही कामांचा प्राण फिरणे हाच. लाकूड कातणारा तो कातारी. रेखीव चेहऱ्याला आपण ‘कातीव’ म्हणतो, तेव्हा नकळत या कारागिराचीच साक्ष काढतो. घरातील लाटणे, मुलाचा भोवरा, चौरंगाचे पाय, बुद्धिबळाची प्यादी ही सारी त्याच्याच हातची. अलीकडे अनेक गृहस्थ छंद म्हणून घरी विजेवर चालणारा लहानसा लेथ बसवू लागले आहेत. त्यांच्या या छंदाचे कुळ फार जुने आहे.

मिसर देशात पेटोसिरिस नावाच्या धर्माधिकाऱ्याच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीचे एक शिल्पचित्र आहे. त्यात एक माणूस दोरी ओढून लाकूड फिरवतो व दुसरा ते कातत आहे. आपल्याकडील पुरावा याहून हृद्य आहे. पाली ‘सतिपट्ठानसुत्ता’त श्वासाकडे सावधपणे पाहणाऱ्या भिक्षूला कुशल कातकाम्याची उपमा दिली आहे. आपण लांब ओढ घेत आहोत की आखूड, हे त्या कारागिराला प्रत्येक वेळी ठाऊक असते. तसेच भिक्षूला आपल्या श्वासाचे भान असावे. ज्या समाजात अशी उपमा श्रोत्यांना तत्काळ समजत होती, त्या समाजात हे काम किती परिचयाचे असले पाहिजे!

या उपमेतील ‘ओढ’ म्हणजे दोरीची ओढ. दोरीवरच्या जुन्या लेथात लाकूड एकदा पुढे व एकदा मागे फिरते आणि धार चालते ती एकाच दिशेला. कातारी जमिनीवर बसून हातापायांनी पटाशी स्थिर धरी. दोरी ओढायला बहुधा घरचेच माणूस असे. म्हणजे लेथ हे मुळात घरातलेच साधन होते. मात्र तेथे तो पोटाचा उद्योग होता, फुरसतीचा नव्हे.

फुरसतीचे कातकाम वाढले ते युरोपातील राजवाड्यांत. रशियाचा झार पीटर याला या कामाचे विलक्षण वेड होते; राज्यकारभारातून वेळ काढून तो स्वतः लेथावर बसे. १७०१ साली फ्रान्समध्ये प्लुमिए या धर्मोपदेशकाने कातकामावर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १८०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ले याने हत्यार हाताऐवजी यंत्रातच पक्के धरण्याची योजना सिद्धीस नेली आणि लेथ घराबाहेर पडून कारखान्यात गेला. हाताची जागा मापाने घेतली.

या दोन्ही युगांचे दर्शन एकाच प्रदेशात घ्यावयाचे असेल, तर भोपाळच्या हबीबगंज भागात जावे. तेथून जवळच १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सचा, म्हणजे आजच्या ‘भेल’चा, विस्तीर्ण कारखाना आहे. तेथे प्रचंड यंत्रांचे पोलादी भाग कातले जातात. आणि हबीबगंज स्थानकातून, ज्याला २०२१ पासून राणी कमलापती हे नाव आहे, दक्षिणेकडे निघालेली गाडी विंध्याचा घाट उतरून नर्मदाकाठी पोहोचते, तेथे बुधनी हे गाव लागते. बुधनीचे कारागीर दुधीच्या, म्हणजे आपल्या काळ्या कुड्याच्या लाकडाची खेळणी कातत आले आहेत. हे लाकूड पांढरे, मऊ व बारीक पोताचे असल्यामुळे त्यावर रंग खुलतो. फिरत्या वस्तूवर रंगीत लाखेची कांडी दाबली, की घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळून लाकडाला बिलगते. कांडी किती दाबावी आणि केव्हा उचलावी, हे कोणत्याही यंत्रावर कोरलेले नसते. ते बोटांना कळावे लागते.

आता बुधनीतही विजेची मोटर आली आहे. मोटर बाजारात मिळते. बोटांचे हे ज्ञान मिळत नाही. प्लास्टिकच्या स्वस्त खेळण्यांपुढे कारागिराच्या मुलाने हा व्यवसाय सोडला, तर त्याला दोष कोण देईल? परंतु त्याच्याबरोबर शेकडो वर्षांचा अनुभवही निघून जाईल. सावंतवाडीला एकदा असाच प्रसंग आला होता. तेथे गंजिफांची कला विझू लागली, तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध चिताऱ्याकडून ती विद्या स्वतः शिकून घेतली व इतरांना शिकवली. उपजीविकेसाठी नव्हे, तर आवडीने शिकलेल्या हातांनी ती कला तारली.

घरी लेथ बसवणाऱ्याने यातून एवढेच घ्यावे. पहिले लाटणे पुस्तक पाहून खुशाल कातावे. दुसरे मात्र एखाद्या कातार्‍याशेजारी बसून, त्याला गुरुदक्षिणा देऊन कातावे. लेथ घरी परत आला आहे. त्याच्यामागोमाग हाताची विद्याही घरी आली, तर छंदाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.