पत आणि हिशोब : कर्जरोख्यापासून कार्डापर्यंत

मराठीत ‘पत’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. बाजारात ज्याला उधार मिळते त्याची पत असते, आणि गावात ज्याच्या शब्दाला मान असतो त्याचीही पत असते. हे दोन अर्थ एका शब्दात नांदतात ते उगाच नाही. गावगाड्यात ज्याला मान नव्हता, त्याला उधारही माणुसकीच्या अटींवर मिळाली नाही. त्यामुळे दलितांच्या कर्जाचा इतिहास गरिबीच्या इतिहासाहून वेगळा लिहावा लागतो. उजनीकाठच्या करमाळा-माढा भागातील तरुणांच्या खिशात आज क्रेडिट कार्ड येऊ लागले आहे. त्याचा विचार या इतिहासाला वगळून करता येणार नाही.

१२ मे १८७५ रोजी भीमेच्याच खोऱ्यात, सुपे येथे, बाजाराच्या दिवशी रयत सावकारांवर चालून गेली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हा उठाव पसरला. रयतेचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. कारण उघड आहे. त्या कागदावर अंगठा रयतेचा होता आणि अक्षर सावकाराचे. पुढे १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि तो ज्या चार जिल्ह्यांना प्रथम लागू झाला त्यांत सोलापूर होते. रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला; ऋणकोला पावती व हिशोब मागता येऊ लागला. म्हणजे सरकारनेही अप्रत्यक्षपणे मान्य केले, की शोषणाचे मूळ न दाखवलेल्या हिशोबात आहे.

पण ज्याच्याजवळ गहाण ठेवायला जमीनच नव्हती त्याचे काय? त्याचे कर्ज बहुधा रोख्यावर आलेच नाही. ते सवाई-दिढीच्या धान्यात होते, सालगड्याच्या आगाऊ घेतलेल्या रकमेत होते. तारण होते ते त्याचे अंग. बलुत्यातही कामाला मर्यादा नव्हती आणि मोबदल्याला माप नव्हते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. त्यामागे हीच दृष्टी होती : काम ठरलेले असावे, मोबदला ठरलेला असावा. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाला मोघम व्यवहारातली गुलामी कळत होती.

१९५८च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली. जमिनी परत मिळाल्या त्या मात्र नव्या शर्तीने, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून हस्तांतर न करण्याच्या अटीवर. जमीन बळकावली जाऊ नये म्हणून हे बंधन होते. पण त्यामुळे तारणाचा रस्ताही अरुंद झाला. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले. गावे पाण्याखाली गेली, काठावर ऊस आला, कारखाने आले. भूमिहीनाला ऊसतोडीची ‘उचल’ तेवढी मिळाली. मुकादमाकडून आधी पैसे घ्यायचे आणि हंगामभर कोयता चालवून ते फेडायचे. उचलीचा हिशोब कोण ठेवतो? मुकादमच ठेवतो.

या पार्श्वभूमीवर कार्डाचे आकर्षण समजण्यासारखे आहे. कार्ड देणारा जात विचारत नाही, पगारपत्रक विचारतो. पहिल्या पिढीच्या नोकरदाराला हा सन्मान वाटतो आणि त्या भावनेला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र कार्डावरची मर्यादा ही आपली मिळकत नसते. ती आपल्याला देऊ केलेल्या कर्जाची कमाल रक्कम असते.

समजा, चाळीस हजारांची बाकी आहे आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज १,४०० रुपये, त्यावर १८ टक्के कर २५२ रुपये. ‘किमान देय’ म्हणून पाच टक्के, म्हणजे २,००० रुपये भरले, तर मुद्दल फिटते अवघे ३४८ रुपये! शिवाय मागची बाकी पूर्ण न भरल्यास नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत जाते आणि खरेदीच्या दिवसापासून व्याज चढते. कार्डावर रोख रक्कम उचलली तर पहिल्या दिवसापासूनच. जुन्या दामदुपटीच्या नियमाने थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नसे. कार्डावरील ३० टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८चा निर्णयही सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तेव्हा दर पाहणे आता ज्याचे त्याच्यावर आहे.

म्हणून कार्ड घ्यायचेच तर एक घ्यावे, वार्षिक शुल्क आणि व्याजदर विचारून घ्यावे, आणि बिल दरमहा पूर्ण भरता येईल एवढेच वापरावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमांनुसार न मागितलेले कार्ड गळ्यात बांधता येत नाही. बाकी नसेल तर बंद करण्याचा अर्ज सात कामाच्या दिवसांत मान्य करावा लागतो. उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर फोन करता येत नाही. बँकेने तक्रारीची दाद ३० दिवसांत घेतली नाही तर लोकपालाकडे जाता येते.

याहून स्वस्त पत कोठे आहे, हेही सांगितले पाहिजे. १९९८पासूनच्या किसान क्रेडिट कार्डावर वेळेत फेड केल्यास व्याज चार टक्क्यांपर्यंत खाली येते. ते वाटेकऱ्यालाही मिळू शकते, आणि २०१८-१९पासून मासेमारी व पशुपालनासाठीही. जलाशयात जाळे टाकणाऱ्या, दारात शेळ्या बांधणाऱ्या किती घरांपर्यंत ही माहिती पोचली आहे? शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी स्वतःला हा प्रश्न विचारावा.

सुप्याच्या रयतेला कागद वाचता येत नव्हता, म्हणून तिने तो जाळला. आपल्याला वाचता येतो. शिकलेल्या प्रत्येकाने वस्तीतल्या एका घराचे महिन्याचे बिल, एका कोयत्याच्या उचलीचा हिशोब मोठ्याने वाचून दाखवावा. शिक्षणाचा एवढा उपयोग तरी ताबडतोब होऊ शकतो.