फॉरट्रान : जुने वैज्ञानिक प्रोग्रॅम आणि नवे कंपायलर

जुन्या फॉरट्रानमधील वैज्ञानिक प्रोग्रॅम नव्या कंपायलरवर अडणे किंवा वेगळे उत्तर देणे, ही संगणकीय विज्ञानातील गंभीर अडचण आहे. आयबीएमने १९५७ मध्ये आणलेल्या या भाषेवर हवामानाची अनेक गणिते आजही चालतात.

फॉरट्रान ७७ मध्ये विधान ७ ते ७२ या स्तंभांतच बसवावे लागे. पुढचा मजकूर कंपायलर सोडून देई; ओळ थोडी सरकली, की चलाच्या नावाचे शेवटचे अक्षर गळून नवेच चल तयार होई.

न दिसणारा दोष अधिक घातक. अनेक जुने कंपायलर उपप्रोग्रॅममधील चलांना कायमची जागा देत, त्यामुळे त्यांची किंमत उपप्रोग्रॅम पुन्हा बोलावला जाईपर्यंत टिके. ‘सेव्ह’ हे विधान लिहिल्याशिवाय मानकाने तशी हमी दिलेली नव्हती. नव्या कंपायलरवर ती किंमत हरवते आणि उत्तर चुकते.

२०२० मधील जीसीसी १० या कंपायलरने एकाच उपप्रोग्रॅमला कधी पूर्णांक, तर कधी वास्तव संख्या पाठवणे ही चूक ठरवली. समांतर संगणनासाठी एमपीआय वापरणाऱ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये हे सर्रास आढळे, म्हणून कित्येक प्रोग्रॅम अडले. सूट देणारा पर्याय उपलब्ध आहे. मात्र उपप्रोग्रॅमला कोणत्या प्रकारची मूल्ये द्यायची हे सांगणारा स्पष्ट इंटरफेस लिहून निकाल जुन्या चाचण्यांशी ताडून पाहणे हा टिकाऊ उपाय आहे.