जुनं जीएमसी: जिथे आता सिनेमे लागतात

कामोठ्यात कुणालाही पत्ता सांगायचा तर एमजीएम हॉस्पिटलपासून सुरुवात करावी लागते. शेजारच्या पनवेलहून जो हायवे गोव्याकडे निघतो, तो धरून पणजीला गेलात तर उलटी गंमत दिसेल. मांडवीकाठच्या एका वास्तूला लोक आजही 'जुनं जीएमसी' म्हणतात, आणि तिथे हॉस्पिटल नाहीच! तिथे इफ्फीचे सिनेमे लागतात.

गोष्ट सुरू होते जुन्या गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या रॉयल हॉस्पिटलपासून. १५९१ पासून त्याचा कारभार जेझुइटांकडे होता. १६०८ मध्ये कैदी म्हणून आलेला पिरार हा फ्रेंच खलाशी तिथे बरा झाला आणि जगात याहून चांगलं इस्पितळ नसेल, असं लिहून गेला. आता दुसरी बाजू बघा. १७व्या शतकाच्या पहिल्या ३० वर्षांत तिथे २५,००० पोर्तुगीज सैनिक दगावले, असं इतिहासकार बॉक्सर सांगतात. म्हणजे व्यवस्था झकास, पण शहरच आजारी. शिवाय हे सगळं होतं पोर्तुगीजांसाठी. स्थानिकांना तिथे जागा नव्हती.

रोगराईने जुनं गोवं ओस पडलं, राजधानी पणजीला आली. १८४२ मध्ये इथे वैद्यकीय शाळा निघाली. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं, म्हणजे पणजी तीन वर्षांनी पुढे! आता स्थानिक मुलं डॉक्टर होऊ लागली. त्यांना मोझांबिक, अंगोला अशा वसाहतींत नोकरीवर धाडलं जाई. पण खुद्द पोर्तुगालमध्ये बरोबरीची मान्यता हवी, तर तिकडे जाऊन पुन्हा शिका, पुन्हा परीक्षा द्या. आफ्रिकेतले रोगी तपासायला चालतील, लिस्बनमधले नाही! ऑनसाईटला गेलेल्यांना हे दुखणं वेगळं समजवायला नको.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, १९६३ मध्ये शाळेचं गोवा मेडिकल कॉलेज झालं. १९९०च्या दशकात सगळा पसारा बांबोळीला हलला. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर बदलला, सिस्टीम चालूच राहिली. रिकामं आवार २००४ मध्ये इफ्फीसाठी सजवलं गेलं.

वास्तू पाडली नाही, हे उत्तमच झालं. पण नुसत्या भिंती राखून इतिहास राखला जात नाही. तेव्हा इफ्फीच्या रांगेत कधी उभे राहिलात, तर त्या 'दुय्यम' डॉक्टरांची आठवण काढा. साम्राज्याने त्यांना अर्धे डॉक्टर मानलं, पण त्यांच्या रोग्यांना ते पुरेसे होते.