राख, चिंच आणि काचेचा मुलामा

मराठी स्वयंपाकघराविषयी आपण बोलतो ते चुलीच्या बाजूने. काय शिजले, कशात शिजले, पंगतीला कोण बसले, एवढे त्यातून कळते. मोरीची बाजू मात्र अंधारातच राहते. जेवणे उरकल्यावर भांडे कोणाच्या हातात गेले, ते कशाने घासले गेले, कोणता डाग निघाला आणि कोणता निघणार नाही असे ठरले, हाही इतिहासच आहे. तो मी भिवपुरीच्या परिसरात राहून समजून घेण्याचा प्रयत्न करतो आहे. निमित्त एका वस्तूचे झाले : आतून पांढरे एनॅमल दिलेले बिडाचे जड पातेले.

कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याशी आता शनिवार-रविवारची घरे झाली आहेत. अशी पातेली तिथे मुंबईहून येतात आणि ती घासणाऱ्या बाया आसपासच्या वाड्या-पाड्यांतून येतात. पांढरा तळ तपकिरी झाला की घासणारीपाशी पिढ्यान्‌पिढ्यांची तीन उत्तरे तयार असतात : राख, चिंच आणि जोर. तिन्ही उत्तरे जुनी आणि पारखलेली आहेत, आणि या भांड्यापुढे तिन्ही थांबतात. ती का थांबतात हे पाहू लागलो, तर प्रश्न पातेल्यापुरता राहिला नाही.

आधी राख. लाकडाच्या राखेत पोटॅशचा क्षार असतो. खरकट्यातल्या तेलातुपाशी तो मिसळला की थोडासा साबण जागच्या जागीच तयार होतो. राखेचे कण घासतात आणि क्षार चिकटपणा सोडवतो, अशी दोन कामे एका चिमटीत होतात. कर्जतचा मुलूख भाताचा, त्यामुळे इथे तुसाची राखही मुबलक. तुसाच्या राखेचा बहुतांश भाग सिलिकाचा, म्हणजे वाळूच्याच जातीचा. राखुंडीने दात घासणाऱ्या पिढीला तिची धार वेगळी सांगायला नको. पितळेवर ही धार चालते. पितळ थोडे झिजते, खालून नवे पितळ वर येते आणि भांडे लखलखते.

चिंचेचे काम निराळे. पितळेवरचा काळपटपणा आणि हिरवी कळा ही तांब्याची संयुगे असतात. चिंचेतले टार्टारिक आम्ल ती विरघळवते. आमसुलाच्या पाण्यानेही तेच साधते. पण जे आम्ल भांडे उजळते, तेच आमटीत असले की भांड्यातले तांबे अन्नात उतरवते. 'कळकणे' हे क्रियापद मराठीने या अनुभवातून घडवले. त्यावर तोड म्हणून कल्हई आली. भांडे तापवायचे, नवसागराने आतला पृष्ठभाग साफ करायचा आणि २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने आत फिरवायचे. घासून घासून ते कथील उडाले की कल्हईवाल्याची पुन्हा वाट पाहायची. म्हणजे ही सगळी व्यवस्था एका गृहीतावर उभी होती : भांड्याचा वरचा थर झिजण्यासाठीच असतो आणि तो पुन्हा चढवता येतो.

हे ज्ञान फार जुने आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा भाग आहे. त्यात धातू, रत्ने आणि दगडाच्या वस्तू यांना राख, पाणी आणि माती सांगितली आहे. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील आणि शिसे यांना क्षार, आम्ल आणि पाणी. लेप न लागलेल्या सोन्याच्या भांड्याला नुसते पाणी पुरे. मातीचे भांडे पुन्हा भाजून शुद्ध करायचे. धर्मशास्त्र बाजूला ठेवून वाचले, तर ही मोरीवरची व्यवहारी नोंदवही आहे. राखेचा क्षार आणि चिंचेचे आम्ल दोन्ही तिच्यात आहेत.

एनॅमल या वहीत बसत नाही. एनॅमल म्हणजे दागिन्यावरचा मीनाच. काचेची पूड धातूवर पसरून सुमारे आठशे अंशांना भाजायची, की ती वितळून धातूला घट्ट धरते. बिडाच्या भांड्यांना असा मुलामा देण्याची कला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन मुलखात रुजली. आज ज्या धाटणीची रंगीत पातेली आपल्याकडे येतात, ती बनवणारा ल क्रूझेचा कारखाना १९२५ साली उत्तर फ्रान्समधल्या फ्रेनुआ-ल-ग्रां या गावी निघाला. अशा भांड्याचे अंग लोखंडाचे आणि कातडी काचेची. लोखंड म्हणून आम्ल लावावे तर ते काचेवर पडते. काच म्हणून नुसते पाणी वापरावे तर जळके तेल हलत नाही. आणि मातीच्या भांड्यासारखे पुन्हा भाजावे, तर ती भट्टी ना घरात असते ना गावात.

आपल्या भागात एनॅमल आले ते मात्र या रूपात नव्हे, तर पातळ पत्र्याच्या स्वस्त भांड्यांच्या रूपात. खोपोलीपर्यंत रेल्वे १८५६ साली आली. ठोकरवाडी धरणाचे पाणी घाटाखाली उतरवून वीज करणारे टाटांचे भिवपुरीचे केंद्र १९२२ साली सुरू झाले. रेल्वे, इस्पितळ, लष्कर, तुरुंग अशा ठिकाणी पांढरे टमरेल आणि निळ्या काठाची ताटली रुळली, कारण त्यांना कल्हई लागत नव्हती. सोवळ्याच्या स्वयंपाकघराने मात्र त्यांना आत घेतले नाही. शास्त्राच्या यादीत नाव नसलेले भांडे उंबऱ्याबाहेर राहिले.

उंबऱ्याबाहेर ते कोणासाठी राहिले, हे विचारल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. पाचव्या अध्यायात प्रत्येक धातूला शुद्धी देणारी मनुस्मृती दहाव्या अध्यायात चांडाळांना 'अपपात्र' ठरवते. त्यांनी वापरलेले पात्र टाकून द्यावे आणि त्यांनी फुटक्या भांड्यांत जेवावे, असे सांगते. गोठ्याच्या वळचणीला पालथा घातलेला कान तुटलेला कप, टवका उडालेले टमरेल, वरून ओतलेला चहा : महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी हा नियम ग्रंथ न वाचताच पाळला. तो कप राखेने, चिंचेने, कशानेही घरात येण्याजोगा होणार नव्हता. ज्या ग्रंथाला प्रत्येक डागावरचा उपाय ठाऊक होता, त्यानेच एक डाग न निघणारा ठरवला, आणि तो भांड्यावर नव्हताच.

भिवपुरी ज्या जिल्ह्यात आहे, त्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातच महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करून घेतले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. शुद्धीचे शास्त्र भांड्यावरून माणसावर सरकले की काय होते, याचा पुरावा म्हणून मी या दोन तारखा वाचतो.

आता पुन्हा पातेल्याकडे. पुढच्या काळात राखच घरातून गेली. १९५५ साली बर्मा शेलने मुंबईत स्वयंपाकाचा गॅस आणला. चूल विझत गेली, तशी फुकटची राख संपली आणि भांडी घासायची पूड विकत घ्यायची वस्तू झाली. भिवपुरीची वीज पहिल्यापासून मुंबईला गेली, पण डोंगरालगतच्या वाड्यांत चुली पुढेही पेटत राहिल्या. म्हणून राखेची सवय इथल्या हातांत अजून आहे आणि ती सवय काचेच्या थराला महागात पडते. राखेचा कण किंवा तारेची घासणी काचेवर बारीक चरे पाडते. त्या चऱ्यांत पुढचा डाग अधिक घट्ट बसतो. पितळेचे तेज घासून वाढते, एनॅमलचे घासून जाते, आणि गेलेले परत येत नाही.

डाग निघतो तो डागाची जात ओळखल्यावर. जळक्या तेलाच्या तपकिरी थरासाठी पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोन चमचे खायचा सोडा घालावा, मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे उकळावे आणि लाकडी उलथन्याने हळूच सोडवावे. सोडा क्षार आहे, पण काचेहून मऊ. राखेचा गुण त्यात आहे, धार नाही. स्टीलच्या डावाने उमटलेल्या करड्या रेघा सोड्याच्या ओल्या लगद्याने जातात. पाण्याच्या क्षारांचा पांढुरका थर पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतो, पण ते लगेच धुवायला हवे, कारण आम्ल रेंगाळले तर काचेची चमक मरते. हळदीवर सोडा लावला तर ती लाल होते. हळदीला क्षार लागला की लाल रंग येतो, हे कुंकू करणाऱ्यांना ठाऊकच होते. हळदीचा रंग उन्हाने उडतो, म्हणून भांडे धुऊन उन्हात पालथे न घालता उताणे ठेवावे. तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नये. लोखंड आणि काच एकाच वेगाने आकसत नाहीत आणि टवका उडतो. आतला टवका उडाला, तर त्यात पुन्हा शिजवू नये. काचेची कपची अन्नात जाऊ शकते.

याच घरांच्या मागे, कामाला येणाऱ्या बाईच्या चुलीवर घावनाचा बिडाचा तवा असतो. तो कुळकुळीत काळा असतो. तो काळा थर म्हणजेही तापून घट्ट झालेले तेलच, पातेल्यातल्या तपकिरी डागाच्या जातीचे. तिथे त्याला 'तवा मुरला' म्हणतात आणि कोणी साबणाने घासू गेले तर हात धरतात. तो थर नसेल तर घावन सुटत नाही. एकच पदार्थ एका भांड्यावर डाग असतो आणि दुसऱ्यावर कमाई. दोन्ही भांडी त्याच बाईचे हात घासतात. सोडा घालून उकळायला लागणारी पंधरा मिनिटे तिला दिली, तर जोर लावायची गरज उरत नाही. पण तिच्या कामाच्या वेळेत ती पंधरा मिनिटे आजवर कोणी धरलेली नाहीत, आणि तिला चहा कोणत्या कपातून मिळतो, हे पाहायचे आजही सोडता येत नाही.