कसुती हातची, पण गुगलला कळणार कशी? ऑनलाईन विक्री करणाऱ्या कलाकारांसाठी ‘एसईओ’ची माहिती

हुबळी-धारवाड : पुण्यातल्या एखाद्या ग्राहकाने मोबाईलवर ‘कसुती साडी’ असे टाकले की साड्यांची रांगच लागते. त्यात हाताने भरलेल्या असतात, मशीनने भरलेल्या असतात आणि नुसती नक्षी छापलेल्याही असतात. नाव सगळ्यांचे एकच, कसुती. धारवाडात घरी बसून कापडाचा एकेक धागा मोजत दिवसेंदिवस सुई चालवणाऱ्या बाईची साडी या रांगेत कुठे आहे, हा प्रश्न तिच्या मजुरीशी थेट जोडलेला आहे. ती वर दिसली तर ग्राहक तिच्याकडे येतो. नाही दिसली तर तीच साडी कमी दरात व्यापाऱ्याला द्यावी लागते.

रांगेत वर येण्यासाठी जे करावे लागते त्याला ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’, थोडक्यात एसईओ, म्हणतात. नाव जड असले तरी त्यातला निम्म्याहून अधिक भाग म्हणजे आपल्या वस्तूबद्दल नीट, खरे आणि ग्राहकाच्या शब्दांत लिहिणे. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही.

एसईओ म्हणजे नेमके काय?

गुगलसारखे सर्च इंजिन तीन कामे करते. आधी त्याचे प्रोग्रॅम इंटरनेटवरची पाने फिरून पाहतात. मग त्या पानांवर काय आहे याची नोंद आपल्या यादीत ठेवतात. आणि कुणी काही शोधले की त्या यादीतून उपयोगी वाटतील ती पाने क्रमाने दाखवतात. दुसऱ्या पायरीवर नोंदच चुकली तर तिसऱ्या पायरीवर पान दिसणार कसे?

निकालात वर ‘प्रायोजित’ असे लिहिलेले दुवे दिसतात, त्या पैसे देऊन केलेल्या जाहिराती. त्याखालच्या नेहमीच्या निकालात पैसे देऊन जागा मिळत नाही. एसईओ आहे तो या जागेसाठी.

कलाकाराची अडचण अशी, की त्याचे काम बोलते ते डोळ्यांशी. गुगल अलीकडे चित्रातलेही बरेच ओळखू लागले आहे. पण साडीवरचे तुळशी वृंदावन हाताने भरले की मशीनने, कुठे भरले आणि कोणी भरले, हे त्याला शब्दांतूनच कळते. फोटोखाली नुसते ‘सुंदर साडी, किमतीसाठी मेसेज करा’ एवढेच लिहिले तर त्यात शोधण्यासारखा शब्दच नाही.

नावांचा घोळ आधी सोडवा

सीमाभागातल्या कलाकारांपुढे आणखी एक पेच आहे. एकाच वस्तूला मराठीत एक नाव, कन्नडमध्ये दुसरे आणि इंग्रजी स्पेलिंग तीन-चार तऱ्हेची.

‘कसुती’ हे नाव कन्नडमधील ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सूत’ यांवरून आल्याचे सांगतात. मराठी ग्राहक त्याच कामाला ‘कशिदा’ किंवा ‘भरतकाम’ म्हणतो. इंग्रजीत कुणी शेवटी ‘टी-आय’ लिहितो, कुणी ‘टी-एच-आय’, तर कुणी मध्ये दोन ‘ओ’ घालतो. एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले की ‘कसौटी’ होते आणि टीव्ही मालिका समोर येते!

साडीचेही तसेच. बागलकोट जिल्ह्यातील इळकल गावची साडी मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या ‘इरकल’ किंवा ‘इरकली लुगडे’ आहे. बेंगळुरूचा ग्राहक ‘इळकल’ शोधणार, कोल्हापूरचा ‘इरकल’. खणाची गोष्ट याहून गमतीची. पुण्या-मुंबईच्या बाजारात ‘धारवाडी खण’ म्हणून जे कापड मागितले जाते त्याच्या विणकामाचे मोठे केंद्र बागलकोट जिल्ह्यातलेच गुळेदगुड्ड. कन्नडमध्ये त्याला ‘खणा’ म्हणतात. गावाचे नाव लिहावे तरी पंचाईत. १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजीत ‘हुब्बळ्ळी’ असे अधिकृत नाव आले, तरी जुने ‘हुबळी’ लोकांच्या बोटांवर बसलेले आहे.

यावर उपाय सोपा आहे. मुख्य नाव एकच धरावे आणि ते सगळीकडे सारखे लिहावे. बाकीची नावे वर्णनात सहज येतील अशी घालावीत. उदाहरणार्थ, ‘कर्नाटकात इळकल आणि महाराष्ट्रात इरकल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साडीवर हाताने भरलेली कसुती.’ एका वाक्यात तीन नावे आली आणि वाचणाऱ्यालाही खटकले नाही. याउलट पानाच्या तळाशी ‘साडी, इरकल साडी, बेस्ट साडी, स्वस्त साडी’ अशी माळ लावली तर फायदा नाही. शब्द कोंबणे हे गुगलच्या नियमांत बसत नाही. पानाच्या कोडमध्ये लपवून ‘कीवर्ड्स’ लिहिण्याची जुनी पद्धत क्रमवारीसाठी वापरत नसल्याचे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले होते. तरीही त्यासाठी पैसे घेणारे भेटतात.

लोक नेमका कोणता शब्द टाकतात हे पाहायचे असेल तर शोधपेटीत अर्धा शब्द लिहून थांबावे. खाली येणाऱ्या सूचना म्हणजे लोकांच्या शोधांचाच अंदाज. ‘गुगल ट्रेंड्स’वर दोन शब्दांची तुलनाही फुकटात करता येते.

पानावर काय लिहावे?

प्रत्येक वस्तूला स्वतंत्र पान हवे. वीस साड्या एकाच पानावर टाकल्या तर गुगलने कोणती दाखवायची?

* शीर्षक : ‘नवीन कलेक्शन ७’ ऐवजी ‘काळी इरकल साडी, हातची धारवाड कसुती, गोपुर नक्षी’.
* वर्णन : कापड, रंग, लांबी, धागा, टाक्याचा प्रकार, किती दिवस लागले, कशी धुवावी, किंमत आणि पाठवणीची मुदत.
* कोणी केले : करणाऱ्या व्यक्तीची किंवा बचत गटाची ओळख, तिच्या संमतीने.
* फोटोचे नाव : कॅमेऱ्याने दिलेला आकड्यांचा ढीग तसाच न ठेवता वस्तूचे नाव द्यावे, शब्दांमध्ये आडवी रेघ घालून.
* पर्यायी मजकूर : वेबसाईटवर फोटो चढवताना ‘ऑल्ट टेक्स्ट’ अशी जागा असते. दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणारे ॲप हाच मजकूर वाचते आणि गुगलही त्याचा आधार घेते. ‘काळ्या इरकलीच्या पदरावर पांढऱ्या धाग्याने भरलेले तुळशी वृंदावन’ एवढे पुरे.

चित्रकारांनाही हेच लागू. ‘शांतता क्रमांक ३’ हे प्रदर्शनात शोभते, पण ते नाव टाकून शोधणार कोण? नाव तेच ठेवावे आणि पुढे जोडावे : ‘धारवाडच्या साधनकेरीचे जलरंगातील निसर्गचित्र, १२ बाय १६ इंच, फ्रेमशिवाय’. घर किंवा ऑफिस सजवणारा माणूस विषय, माध्यम, आकार आणि गाव याच शब्दांनी शोधतो.

कलाकारांकडून हमखास होणारी एक चूक म्हणजे वस्तू विकली की पान काढून टाकणे. त्या पानाने इतक्या दिवसांत मिळवलेली गुगलमधली जागाही त्याबरोबर जाते. पान ठेवावे आणि वर लिहावे : ‘ही विकली गेली, अशीच ऑर्डरप्रमाणे करून मिळेल.’

उलट बाजूचा फोटो टाका

कसुतीत कापडावर आधी नक्षी छापत नाहीत. धागे मोजून टाके घेतात. मुख्य टाके चार : गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. गवंती आणि मुरगी नीट भरली तर सुलट आणि उलट बाजू सारखीच दिसते, मागे गाठ दिसत नाही. नेगी विणल्यासारखी, तर मेंथी फुलीच्या टाक्याची. मेथीच्या दाण्यावरून तिचे नाव. मशीनच्या भरतकामात मागे खालच्या रिळाचा धागा आणि बऱ्याचदा अस्तराचा कागद राहतो.

म्हणून सुलट बाजूच्या फोटोशेजारी उलट बाजूचा जवळून काढलेला फोटो आणि खाली दोन ओळी टाकल्या तर दोन कामे होतात. ग्राहकाची खात्री पटते, आणि ‘हातची कसुती कशी ओळखावी’ असे शोधणारेही त्या पानावर येतात. ही माहिती हात चालवणाऱ्यालाच नीट लिहिता येते. छापील साडी विकणारा उलट बाजू दाखवायला जाणार नाही.

याच ठिकाणी भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, उपयोगी पडते. कसुतीला हे मानांकन २००५-०६ मध्ये मिळाले. धारवाड जिल्ह्यातीलच नवलगुंदच्या जमखान्यांनाही ते आहे. मात्र मानांकन कलेला मिळाले म्हणून प्रत्येकाला आपोआप शिक्का वापरता येत नाही. १९९९ च्या कायद्यानुसार ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करावी लागते. नोंदणी असेल तर पानावर ठळक लिहावे, नसेल तर जीआयचे चिन्ह लावू नये.

नावाची किंमत काय असते हे कोल्हापुरी चपलेने दाखवून दिले. या चपलेच्या मानांकनात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हेही आहेत. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला कोल्हापूरचे नाव न घेता आणल्या. भारतातून ओरड झाल्यावर कंपनीला मूळ मान्य करावे लागले. नाव सांगितले नाही तर वस्तू कुणाचीही होते.

इन्स्टाग्राम, एट्सी आणि नकाशा

बहुतेक कलाकारांचे दुकान आज इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरच आहे. व्हॉट्सॲपचे स्टेटस गुगलला दिसत नाही. इन्स्टाग्रामवरील सार्वजनिक व्यावसायिक खात्यांच्या पोस्ट जुलै २०२५ पासून सर्च इंजिनांना दाखवता येतात. म्हणजे तिथली ओळही आता नीट लिहायला हवी. नुसती हृदयाची चिन्हे टाकून भागणार नाही.

एट्सीसारख्या बाजारपेठेत तिची स्वतःची शोधयंत्रणा असते. तिथे एका वस्तूला १३ टॅग देता येतात, प्रत्येक जास्तीत जास्त २० अक्षरांचा. परदेशातल्या ग्राहकाला ‘कसुती’ हा शब्द माहीत नसतो. त्यामुळे ‘हँड एम्ब्रॉयडरी’सारखे सर्वसाधारण शब्द आणि कसुती, धारवाड हे खास शब्द, दोन्ही घालावे लागतात.

ग्राहक प्रत्यक्ष येतात असे दुकान किंवा स्टुडिओ असेल तर ‘गुगल बिझनेस प्रोफाईल’ उघडावे. ते मोफत आहे. घरून काम करणाऱ्या महिलांना पत्ता झाकून फक्त सेवेचा परिसर दाखवता येतो. मात्र निव्वळ ऑनलाईन विक्री असेल, ग्राहकाची प्रत्यक्ष भेटच होत नसेल, तर नियमाप्रमाणे ही सोय मिळत नाही.

किती दिवस लागतात? फसवणूक कशी टाळावी?

आज लिहिले आणि उद्या वर आले, असे होत नाही. फरक दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागू शकते, असे खुद्द गुगलचे म्हणणे आहे. त्यामुळे ‘आठ दिवसांत पहिला नंबर, गॅरंटी’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्यावा. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हेही गुगलनेच लिहून ठेवले आहे. पैसे देऊन शेकडो दुवे विकत घेण्याचा सल्लाही धोक्याचा. पकडले गेले तर पान खाली ढकलले जाते. वेबसाईट दुसऱ्याकडून करून घेतली तरी डोमेनचे नाव आणि पासवर्ड आपल्याच ताब्यात ठेवावेत.

स्वतःची वेबसाईट असल्यास ‘सर्च कन्सोल’ हे गुगलचे मोफत साधन जोडावे. कोणते शब्द टाकून लोक आले, कोणते पान नोंदले गेले नाही, हे त्यात दिसते. आठवड्यातून एकदा पाहिले तरी चालते.

हिशेबाची एक बाब. जीएसटीची उलाढाल मर्यादा न ओलांडणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीशिवाय, फक्त नावनोंदणी क्रमांक घेऊन, ऑनलाईन बाजारपेठेवर माल विकता येतो. पण आपल्या राज्यातच. धारवाडहून कोल्हापूर काही तासांचे असले तरी जीएसटीच्या दृष्टीने ते परराज्य. हस्तकलेच्या वस्तूंसाठी काही वेगळ्या सवलती आहेत, म्हणून सुरुवातीलाच सीएकडून खात्री करून घ्यावी.

पहिल्या आठवड्यात एवढे करा

१. आपल्या वस्तूची मराठी, कन्नड आणि इंग्रजी नावे कागदावर लिहा. पाच ग्राहकांना विचारा, ‘तुम्ही काय म्हणून शोधलं असतं?’

२. सर्वाधिक मागणीच्या पाच वस्तू निवडून त्यांचे शीर्षक आणि वर्णन नव्याने लिहा.

३. प्रत्येकीचे तीन फोटो टाका : पूर्ण, जवळून आणि उलट बाजूने.

४. विकल्या गेलेल्या वस्तूंची पाने काढू नका.

५. नाव, गाव आणि फोन नंबर सगळीकडे सारखेच आहेत ना, ते तपासा.

६. चार महिन्यांनी तेच शब्द टाकून पुन्हा पाहा आणि जे चालले नाही ते बदला.

बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, असं जुनी माणसं म्हणतात. ऑनलाईन बाजारात बोलायचं म्हणजे लिहायचं. कसुती भरणाऱ्या हातांनी चार ओळी लिहिल्या नाहीत तर त्या जागी दुसरा कुणीतरी लिहिणार, आणि साडीही त्याचीच खपणार.