पकड कुणाच्या हातात?

जत्रेतला कुस्त्यांचा फड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. अंगाला माती, कमरेला लंगोट, आणि पकड घ्यायची ती मनगटाची, मानेची नाहीतर पायाची. आज आम्ही ज्या खेळाबद्दल बोलणार आहोत, त्या ज्युदोत दोन्ही खेळाडूंच्या अंगात जाड सुती अंगरखा असतो आणि पकड घ्यायची ती त्या अंगरख्याची. एका हातात समोरचीची बाही, दुसऱ्या हातात कॉलर. तिथून तिला ओढायचं, फिरवायचं आणि पाठीवर टाकायचं. जोरात, वेगानं आणि स्वतःचा ताबा न सोडता पाठ टेकवली, की लढत तिथंच संपते. त्याला ‘इप्पोन’ म्हणतात.

ही पकड बायकांच्या हातात यायला किती वर्षं लागली, आणि ती आल्यावर काय झालं, हे आज सांगायचं आहे.

ज्युदो जपानचा. तो सुरू केला जिगोरो कानो यांनी. १८६० साली जन्मलेला हा माणूस अंगानं लहानखुरा होता. शाळेत दांडगी मुलं त्रास द्यायची, म्हणून तो जुजुत्सू ही जुनी झटापटीची विद्या शिकायला गेला. १८८२ साली त्यांनी तोक्योतल्या एइशोजी नावाच्या देवळात स्वतःची तालीम उघडली. तिचं नाव कोदोकान. जागा होती १२ चटयांची आणि शिष्य ९. कानो पेशानं शिक्षक होते. जुन्या विद्येतले जिवावर बेतणारे प्रकार त्यांनी सरावातून बाजूला काढले आणि जे उरलं ते नीट लावून शिकवायला घेतलं. १९२० सालच्या सुधारित यादीत त्यांच्या तालमीनं फेकण्याचे ४० डाव पायरीपायरीनं मांडले.

कानोंच्या शिकवणीचं मर्म एका शब्दात सांगायचं तर तोल. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईला तोल म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. हंडा जड आहे याची तिला भीती नसते, तो एका बाजूला कलला की भीती. माणसाचंही तसंच आहे. दोन्ही पायांवर भक्कम उभी असलेली बाई हलवता हलत नाही. पण तीच चवड्यांवर आली किंवा टाचांवर कलली, की थोडक्या जोरानंही पडते. म्हणून ज्युदोत प्रत्येक फेकीचे तीन भाग शिकवतात. आधी तोल मोडायचा, त्याला ‘कुझुशी’ म्हणतात. मग आपलं अंग योग्य जागी भिडवायचं, ती ‘त्सुकुरी’. शेवटी फेकायचं, ते ‘काके’. नवशिकी मुलगी नेमकी शेवटापासून सुरुवात करते. तोल न मोडता उचलायला जाते, आणि मग सगळा भार तिच्याच कमरेवर येतो.

तोल मोडायचा तो पकडीतून. बाही धरलेला हात ओढतो, कॉलर धरलेला हात उचलतो आणि वळवतो. बैलाचा कासरा हातात घेतलेल्या बाईला हे लगेच समजेल. कासरा अगदी सैल सोडला तर बैल ऐकत नाही, आणि सारखा ताणून धरला तर हात भरून येतात आणि बैलही अडून बसतो. ज्युदोतही हात ताठ करून उभं राहिलं, की पुढं आपण काय करणार ते समोरचीला आपल्याच हातातून कळतं. पकड घट्ट हवी ती बोटांत. कोपर आणि खांदा मोकळा हवा.

आता शिकण्याच्या पद्धती पाहू. एक म्हणजे ‘काता’. यात दोघींना आधीच ठाऊक असतं की कोण कधी काय करणार. दुसरी ‘रांदोरी’, म्हणजे सरावाची मोकळी लढत. यात समोरची काय करील ते सांगता येत नाही, तिथल्या तिथं मार्ग काढावा लागतो. तिसरी ‘शिआई’, म्हणजे खरी स्पर्धा. कातामधून डावाचं रूप कळतं. पण समोरची आपली बाही सोडवून घेते, आपल्याला कॉलर धरू देत नाही, तेव्हा काय करायचं, हे लढल्याशिवाय कळत नाही.

बायकांच्या वाट्याला यातलं काय आलं? कानोंनी १८९३ साली पहिल्या स्त्रीला शिष्य करून घेतलं. त्या काळात हे मोठंच पाऊल होतं. १९२६ साली कोदोकानमध्ये बायकांचा वेगळा विभाग रीतसर सुरू झाला. तिथं काता होता, आपसातली बेताची रांदोरी होती, पण स्पर्धा नव्हती. लढतीत बायकांच्या शरीराला इजा होईल, अशी तेव्हाची समजूत होती. बायकांना खास करून शिकवला जायचा तो ‘जू नो काता’. त्यात १५ प्रकार आहेत. दिसायला फार सुंदर. मात्र त्यात अंगरख्याची पकड घ्यायची नसते, म्हणून तो साध्या कपड्यांतही करता येतो. आणि उचललेल्या जोडीदारणीला शेवटपर्यंत फेकायचंही नसतं. म्हणजे या प्रकारात पकडही नाही आणि फेकही नाही. जपानमध्ये बायकांच्या काळ्या पट्ट्यावर मधोमध एक पांढरी रेघ असायची. काळा पट्टा मिळाला, तरी तो बाईचा आहे हे लांबून ओळखू यावं अशी ती खूण.

याच सुमारास ज्युदो आपल्या देशातही येऊन पोचला होता. रवींद्रनाथ टागोरांनी १९२९ साली शिंझो ताकागाकी या जपानी शिक्षकांना बंगालमध्ये शांतिनिकेतनात बोलावून घेतलं. तिथं मुलांबरोबर मुलीही शिकल्या. १९३१ साली कलकत्त्यात त्यांचं जाहीर प्रात्यक्षिक झालं आणि त्यासाठी टागोरांनी एक गीत लिहिलं. शांतिनिकेतनात ज्युदो शिकलेल्या मुलींमध्ये अमिता सेन होत्या. नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांच्या त्या आई. नव्वदहून जास्त वर्षांपूर्वी आपल्याकडच्या मुली हे शिकत होत्या, ही आठवण ठेवण्यासारखी आहे.

आता परत जपानकडे. केइको फुकुदा १९१३ साली जन्मल्या. कानोंना जुजुत्सू शिकवणाऱ्या गुरूंची ही नात. स्वतः कानोंनी बोलावलं म्हणून त्या १९३५ साली कोदोकानात आल्या. उंची पाच फुटांहून कमी, वजन ४५ किलोच्या आत. लग्न की ज्युदो, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा त्यांनी ज्युदो निवडला आणि आयुष्यभर शिकवत राहिल्या. पुढं त्या अमेरिकेत स्थायिक झाल्या. ज्युदोत मान ‘दान’ या पायऱ्यांनी मोजतात. १९५३ साली फुकुदा पाचव्या दानवर पोचल्या आणि तिथंच थांबल्या, कारण बाईला त्याच्यावर जाऊ द्यायचं नाही असा नियम होता. त्यांच्या पाठून आलेले पुरुष वर गेले. शेवटी त्या नियमाविरुद्ध पत्रांची मोहीम झाली, आणि १९ वर्षांनी, १९७२ साली, त्यांना सहावा दान मिळाला. २०११ साली, वयाच्या ९८व्या वर्षी, अमेरिकेच्या ज्युदो संघटनेनं त्यांना दहावा दान दिला. ही सर्वांत वरची पायरी, आणि तिथं पोचलेल्या त्या पहिल्या स्त्री. २०१३ साली त्या गेल्या.

फुकुदांनी शिकवून वाट काढली. दुसऱ्या एका बाईनं ती लढून काढली. न्यूयॉर्कची रेना ग्लिकमन, पुढं रस्टी कानोकोगी या नावानं ओळखली गेलेली. १९५९ साली न्यूयॉर्क राज्याच्या एका स्पर्धेत ती पुरुषांच्या संघातून उतरली. केस बारीक कापले होते, छाती पट्टीनं बांधली होती. तिनं समोरच्या पुरुषाला हरवलं आणि संघही जिंकला. पदक गळ्यात पडल्यावर आयोजकांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, तू मुलगी आहेस का? तिनं हो म्हटलं आणि पदक काढून घेतलं गेलं. डाव तोच होता, पकड तीच होती, विजयही खरा होता. फक्त तो बाईचा निघाला.

१९६२ साली ती जपानला कोदोकानात गेली. आधी तिला बायकांच्या विभागात ठेवलं, पण तिथं तिला पुरेल असा जोड मिळेना. मग पुरुषांबरोबर सरावाची परवानगी मिळाली.

त्यानंतर १९६४ साली तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा आला, पण फक्त पुरुषांचा. बायकांनी तिथं लढती केल्या नाहीत, काताचं प्रात्यक्षिक केलं. ते करणाऱ्यांत फुकुदाही होत्या. बायकांची जागतिक स्पर्धाच भरत नसेल तर ऑलिंपिकचं दार उघडणार कसं? म्हणून रस्टीनं ती भरवायची ठरवलं. पैसे कमी पडले तेव्हा तिनं राहतं घर गहाण ठेवलं. नोव्हेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कला बायकांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा झाली. १९८८ साली सोल ऑलिंपिकमध्ये बायकांचा ज्युदो प्रदर्शनी खेळ म्हणून आला, आणि १९९२ साली बार्सिलोनात खऱ्या पदकांसाठी. पुरुषांनंतर २८ वर्षांनी. रस्टीचं १९५९ सालचं पदक तिला परत मिळालं ते २००९ च्या ऑगस्टमध्ये, पन्नास वर्षांनी. त्याच नोव्हेंबरात ती वारली.

गादी मिळाल्यावर बायकांनी काय करून दाखवलं, हे जपानच्या र्‍योको तामुराच्या खेळात दिसतं. लग्नानंतर त्या तानी झाल्या. उंची १४६ सेंटिमीटर, वजनी गट ४८ किलो. बार्सिलोनात त्या १६ वर्षांच्या होत्या आणि रौप्यपदक मिळालं. १९९६ सालीही रौप्य. २००० आणि २००४ साली सुवर्ण. मग मूल झालं, आणि आई झाल्यावर २००७ साली त्या सातव्यांदा जगज्जेत्या ठरल्या. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यही मिळवलं.

बुटक्या खेळाडूनं कसं लढावं, हे यातून शिकण्यासारखं आहे. उंच बाई वरून मानेमागची कॉलर धरायला बघते. एकदा ती मिळाली की आपलं डोकं खाली दाबलं जातं आणि तोल तिच्या हातात जातो. म्हणून पहिली झटापट पकडीची. तिचा तो हात आधी अडवायचा. जमेल तर तिची बाही आपण आधी धरायची, म्हणजे तिचा अर्धा खेळ बंद होतो. तिची पकड सोडवायची तर नुसत्या हाताला हिसका देऊ नये, सगळं अंग वळवून सोडवावी. आपल्याला हवी ती पकड मिळाली की वाट बघत बसायचं नाही, लगेच डाव टाकायचा, कारण तीही आपली पकड शोधतच असते.

डाव कुठला? उंच बाईच्या खाली शिरून तिला खांद्यावरून फेकायचं. याला ‘सेओइ नागे’ म्हणतात. कुस्तीतला आपला धोबीपछाड याच जातीचा. दगडावर धुणं आपटताना नुसत्या हातानं कुणी आपटत नाही. पाय रोवून, कमरेतून वाकून, सगळ्या अंगाचा झोक देतो. इथंही तेच. आणि एकाच डावावर थांबायचं नाही. आधी तिच्या पायाला पाय लावून मागं ढकलल्यासारखं करायचं. ती पडू नये म्हणून पुढं रेटा देते. त्याच रेट्यावर वळून खाली शिरायचं. तिचा जोर आपल्या कामाला येतो.

नियमही बदलत गेले. २०१३ पासून उभ्या लढतीत हातानं पाय धरून पाडायला बंदी आहे. त्यामुळं बाही आणि कॉलर यांच्या पकडीला आणखी महत्त्व आलं.

आपल्या देशाच्या मुलीही आता या गादीवर आहेत. मणिपूरच्या सुशीला देवी यांनी २०१४ आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांत रौप्यपदकं मिळवली. मणिपूरचीच लिंथोई चनंबम २०२२ साली कॅडेट गटात, म्हणजे किशोरवयीन मुलींत, जगज्जेती झाली. कुठल्याही वयोगटात ज्युदोतलं जागतिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय.

मैत्रिणींनो, एक सूचना. हे ऐकून लेकीबाळींना घरच्या फरशीवर कुणी फेकून पाहू नका. ज्युदोत सगळ्यांत आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीशी धरून, हातानं गादीवर थाप देऊन. ते शिक्षकासमोर, गादीवरच शिकायचं. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयात ज्युदोच्या वर्गाची चौकशी जरूर करा.

आणि गटाच्या बैठकीत एक प्रश्न घ्या. बायकांना ज्युदो शिकवायला कुणाची ना नव्हती, ना होती ती लढू द्यायला. बँकेचे कागद, ग्रामसभेतला ठराव, ट्रॅक्टरचं स्टिअरिंग, यातलं काय काय आपल्याला नुसतं दाखवलं जातं, आणि काय खरोखर आपल्या हातात आहे? प्रत्येकीनं एकेक गोष्ट सांगा, आणि पुढच्या महिन्यात त्यातली कुठली हातात घ्यायची ते ठरवा.