विज्ञानकथा, छोटा पडदा आणि मधला माणूस

३ ऑक्टोबर १९६१ रोजी बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची विज्ञानकथा-मालिका सुरू झाली. तिची मूळ कल्पना केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांची. त्या वेळी त्यांच्या हाताखाली कोल्हापुरात जन्मलेला आणि बनारसला वाढलेला एक तेवीस वर्षांचा विद्यार्थी संशोधन करत होता. त्याचे नाव जयंत विष्णू नारळीकर. पुढे या विद्यार्थ्यानेही गुरूप्रमाणे विज्ञानकथा लिहिल्या आणि मराठी विज्ञानकथेला मानाचे स्थान मिळवून दिले. गुरूच्या वाटेवरचा एक टप्पा मात्र मराठीत जवळजवळ रिकामा राहिला. दर आठवड्याला घरोघर पाहिली जाईल अशी, मराठी लेखणीतून उतरलेली विज्ञानकथा-मालिका आपल्याकडे रुजली नाही. असे का झाले, याचा शोध मी या लेखात घेणार आहे. या शोधातले महत्त्वाचे पुरावे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत सापडतात.

आधी हॉयल यांची गोष्ट पाहू. ‘द ब्लॅक क्लाउड’ ही त्यांची कादंबरी १९५७ साली आली होती आणि गाजली होती. तरीही दूरचित्रवाणीसाठी त्यांनी एकट्याने लिहिले नाही. बीबीसीतले अनुभवी पटकथालेखक जॉन एलियट त्यांच्या जोडीला होते. अँड्रोमेडाच्या दिशेने रेडिओ दुर्बिणीला संदेश येतो, त्यात एक संगणक उभारण्याची कृती असते आणि तो संगणक पुढे सजीव घडवण्याच्या सूचना देऊ लागतो, ही कल्पना शास्त्रज्ञाची. ती माणसांच्या तोंडी कशी घालायची, प्रत्येक भाग कुठे थांबवायचा, सरकार आणि लष्कर या यंत्रावर कसा ताबा मिळवू पाहतात आणि तरुण शास्त्रज्ञ त्यांच्याशी कसा भांडतो, हे प्रेक्षकाला समजेल अशा प्रसंगांत बसवणे हे एलियट यांचे कसब. पुढच्याच वर्षी या मालिकेचा दुसरा भाग आला आणि दोघांच्या नावाने कादंबरीही निघाली. शास्त्रज्ञ आणि प्रेक्षक यांच्यामध्ये उभ्या असलेल्या अशा जाणत्या व्यक्तीला मी या लेखापुरते ‘मधला माणूस’ म्हणतो. ती व्यक्ती संपादक असेल, निर्माता असेल किंवा व्यासपीठावरची अध्यक्ष असेल. माझे म्हणणे असे, की मराठी विज्ञानकथेला छपाईच्या जगात असे मधले लोक वेळोवेळी भेटले, पडद्यावर मात्र त्यांची परंपरा तयार झाली नाही.

पहिला पुरावा कराडजवळच्या टेंभूचा. गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव म्हणून टेंभू आपल्याला ठाऊक असते. ‘केरळ कोकिळ’कार कृष्णाजी नारायण आठल्ये यांचा जन्मही त्याच गावी १८५३ साली झाला. आठल्ये नोकरीनिमित्त कोचीनला गेले आणि तिथून त्यांनी हे मराठी मासिक चालवले. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे ‘चंद्रलोकची सफर’ हे भाषांतर १९०० साली याच मासिकात आले. मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगताना बहुतेक अभ्यासक इथूनच सुरुवात करतात. आठल्ये काही शास्त्रज्ञ नव्हते. कविता, चित्रकला, खुसखुशीत पुस्तकपरीक्षणे अशा अनेक गोष्टींत रमणारे ते संपादक होते. तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे निघालेली माणसे मराठी वाचकाला रुचतील, हे त्यांनी ओळखले.

दुसरा पुरावा सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचा. तेव्हा हा मुलूख औंध संस्थानात होता. नांगर आणि पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या वसाहतीतून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या बातम्या देणाऱ्या या पत्रकाचे पुढे ‘किर्लोस्कर’ हे मासिक झाले. पाठोपाठ ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. यंत्र ही परक्याची करामत नाही, ते आपल्या घरात आणि शेतात येणार आहे, ही जाणीव या मासिकांनी मध्यमवर्गीय मराठी घरांत रुजवली. विज्ञानकथेला लागणारा वाचक आपोआप तयार होत नाही, त्याला कोणीतरी घडवावे लागते. छापखाना, चित्रकार, लेखक आणि वर्गणीदार यांची मोट बांधणारे शंकरराव त्या काळाच्या भाषेत संपादक होते. आजच्या भाषेत त्यांना निर्माता म्हणायला हरकत नाही.

तिसरा पुरावा पुन्हा कराडचाच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मग उलगडले की हे लेखक म्हणजे नारळीकर. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी टोपणनाव घेतले होते. परीक्षकांनी हस्ताक्षर ओळखू नये म्हणून कथा मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. नावाच्या वजनावाचून कथा टिकते का, हे त्यांना पाहायचे होते. १९७५ साली कराडला ५१ वे मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षा होत्या दुर्गा भागवत. त्यांनी अध्यक्षीय भाषणात नारळीकरांच्या विज्ञानकथेची मराठीतला नवा प्रवाह म्हणून दखल घेतली. लोकसाहित्याच्या या व्यासंगी अभ्यासिकेने दिलेल्या पावतीमुळे विज्ञानकथा किशोर-वाङ्मयाच्या कप्प्यातून बाहेर पडायला मदत झाली. चारच वर्षांनी, १९७९ साली, ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला.

पण हे संमेलन आपल्याला विज्ञानकथेसाठी आठवत नाही. देशात आणीबाणी होती, वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. तिथे दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याचा निर्भय पुरस्कार केला आणि आजारी जयप्रकाश नारायणांना आराम पडावा म्हणून सभेला प्रार्थनेसाठी उभे केले. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. मला या दोन गोष्टी एकत्र पाहाव्याशा वाटतात. ज्या व्यासपीठावरून विज्ञानकथेला मान मिळाला, त्याच व्यासपीठावरून सत्तेला चार शब्द सुनावले गेले. विज्ञानकथेचे एक बळ असे की ती आजची भीती उद्याच्या वेशात सांगू शकते. अमेरिकेत रॉड सर्लिंगने ‘द ट्वायलाइट झोन’ची वाट धरली, कारण वंशद्वेषावरच्या त्याच्या सरळ नाटकांना प्रायोजक कात्री लावत होते. परग्रहावरची गोष्ट म्हटली की तीच कात्री सैल पडे. आपले दूरदर्शन मात्र थेट सरकारचे खाते होते. एलियट यांनी रंगवला तसा सरकारशी भांडणारा शास्त्रज्ञ तिथे १९७५ साली कोण उभा करणार होते?

दुसरे कारण तांत्रिक आहे आणि ते याच भागाच्या सीमेवर दिसते. कराडचे संमेलन भरले तेव्हा उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा ‘साइट’ हा प्रयोग सुरू होता. जतला लागून असलेल्या विजापूर जिल्ह्यातली काही गावे त्यात होती, महाराष्ट्र नव्हता. आपल्या छोट्या शहरांत पडदा पोचला तो ऐंशीच्या दशकात, लघुशक्ती प्रक्षेपकांमुळे. हे प्रक्षेपक आरंभी मुख्यतः दिल्लीचा कार्यक्रम पुढे पाठवत, मुंबईचा मराठी कार्यक्रम नव्हे. त्यामुळे १९८९ च्या ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि ‘इंद्रधनुष’पासून १९९८ च्या ‘कॅप्टन व्योम’पर्यंत, इथल्या मुलांनी पाहिलेली विज्ञानकथा हिंदीत बोलत होती. मालिकेला प्रायोजक लागे आणि प्रायोजकाला देशभरचा प्रेक्षक हवा असे. मराठी लेखक या साखळीत शिरायचा तर भाषा बाहेर ठेवून. स्वतः नारळीकर दूरदर्शनवर ‘ब्रह्मांड’ या मालिकेतून पोचले, पण ती विज्ञानाची मालिका होती. पडद्याने त्यांच्यातला शिक्षक घेतला, कथाकार मागे राहिला.

किती मागे राहिला, हे ‘धूमकेतू’ वाचताना कळते. कोलकात्याचे हौशी खगोलनिरीक्षक दत्तदा नवा धूमकेतू शोधतात. तो अशुभ म्हणून पत्नी धास्तावते. धूमकेतू पृथ्वीवर आदळणार हे ध्यानात येताच शास्त्रज्ञांची गुप्त परिषद भरते आणि अण्वस्त्रांनी त्याची वाट बदलली जाते. इकडे घरात तेच संकट टळावे म्हणून यज्ञ झालेला असतो. संकट टळल्यावर श्रेय कोणाचे? एक घर, एक परिषद, एक जवळ येणारी तारीख आणि शेवटी न सुटणारा वाद. पटकथाकाराला याहून अधिक काय लागते? यात तंत्राची उधळपट्टीही नाही, कारण खरी झटापट स्वयंपाकघर आणि दुर्बीण यांच्यात आहे.

नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या कथा त्यांच्याच शेजारी कपाटात आहेत. लेखक नव्हते, ही सबब चालणार नाही. आज कॅमेरा स्वस्त आहे, दिल्लीच्या प्रक्षेपणावर कोणी अवलंबून नाही आणि मराठी प्रेक्षक जगभरच्या विज्ञानकथा-मालिका पाहतो आहे. उणीव आहे ती आठल्यांसारखी नजर आणि शंकररावांसारखी चिकाटी असलेल्या निर्मात्याची. तो मराठी कथा वाचेल, लेखकाशेजारी बसून तिचे सात भाग पाडेल आणि अडचणीचा प्रश्न कापू देणार नाही. बीबीसीने ‘ए फॉर अँड्रोमेडा’च्या बहुतेक चित्रफिती पुढे पुसून टाकल्या. ती आज मुख्यतः कादंबरीच्या रूपात उरली आहे. आपल्याकडे कथा पुस्तकांत सुरक्षित आहेत. त्या पडद्यावर आणण्याचे काम अजून व्हायचे आहे.